ओरडायची कवळी

मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो तेव्हा आईने घाटकोपरच्या आमच्या चाळीत पेढे वाटले. पेढे संपल्यावर वडिलांनी विचारलं, "मगे आता तुका येता काय?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, माहिती हवी होती. वडील मालवणकडून मुंबईला आले ते गिरणीत सूतखात्याला लागले. मशीन चालू असताना तुटलेला धागा दोन बोटांत धरून ते असा जोडत की पुढे तो सांधा शोधूनही सापडत नसे. पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं. मग गिरण्यांचा संप झाला, तो लांबला, आणि एक दिवस लोक त्याबद्दल बोलायचे थांबले. आता ते प्लॅस्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका कारखान्याच्या गेटवर बसत. तिथे बोटांना काम नव्हतं. आल्यागेल्याची नोंद ठेवायची, ती पेनाने.

मी नीट विचार करून सांगितलं की मला कार्यकारणभावाचे निरनिराळे सिद्धांत येतात.

"ता बरा," वडील म्हणाले आणि बादली घेऊन पाण्याच्या रांगेत गेले.

पुढचं वर्षभर मी अर्ज केले. बँका, रेल्वे, विमा, महानगरपालिका, आणि एकदा चुकून मत्स्यविभाग. वर्षअखेरीला मला एक गोष्ट खरोखर येऊ लागली होती, ती म्हणजे अर्ज लिहिणं. मजकूर इतका सुबक जमायचा की शेजारचे लोक आपले अर्ज माझ्याकडून लिहून घेत आणि त्यातल्या दोघांना नोकऱ्याही लागल्या. दरम्यान मी टायपिंगच्या क्लासला जात होतो. तिथल्या सरांनी तीन महिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि सांगितलं की तुझी करंगळी आखूड आहे, आणि त्यांच्या अनुभवात या वयानंतर ती वाढत नाही. ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. जाताना त्यांनी भिंतीवर चिकटवलेला एक कागद दाखवला. त्यावर हाताने लिहिलं होतं: 'दातांच्या लॅबसाठी शिकाऊ माणूस पाहिजे. हात स्थिर हवा. शिक्षणाची अट नाही.' खाली अंधेरीचा पत्ता होता.

शिक्षणाची अट नाही म्हणजे बी.ए.सुद्धा चालत असणार, असा मी अर्थ काढला.

लॅब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट आले होते. प्रत्यक्षात ती अंधेरी पूर्वेला एका जुन्या कौलारू घराच्या मागची खोली होती. आत एक स्टोव्ह, एक मोठं पातेलं, पॉलिशचं मोटारवालं मशीन, प्लॅस्टरची पोती, आणि तीन भिंतींवरच्या फळ्यांवर शेकडो जबडे. पांढऱ्या प्लॅस्टरचे, बिनदाताचे, अर्ध्या दातांचे. सगळे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मध्ये स्टुलावर साठीला टेकलेला एक बारीक माणूस मेणाच्या पट्टीत दात लावत बसला होता. त्यांना दवाखान्यांतले लोक मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागलो. ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते.

मास्तरांनी माझं नाव विचारलं नाही. कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी, एक चाकू आणि प्लॅस्टरची एक दाढ माझ्या पुढ्यात ठेवली.

"अशी कोर."

मी दोन तास कोरत होतो. मास्तर मध्ये एकदाही बघायला आले नाहीत. शेवटी त्यांनी माझी दाढ उचलून खिडकीशी धरली.

"ही कुणाची?"

"नमुन्यातली."

"नाही. ही म्हशीची." त्यांनी ती हात धुवायच्या जागी ठेवून दिली, कारण शेवटी तो साबण होता. "उद्या नऊला ये."

दाढ म्हशीची असूनही मला का घेतलं, हे मी पुढे दोन वर्षांनी विचारलं. "तू दोन तास उठला नाहीस," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून राहण्याच्या गुणावर मला काही मिळालं होतं. कॉलेजात तो गुण सगळ्यांकडेच होता.

मग मी रोज सकाळी घाटकोपरहून बस धरून असल्फा, साकीनाका, मरोळ करत अंधेरीला जाऊ लागलो. पहिले चार महिने मी फक्त प्लॅस्टर कालवलं. दाताचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो, ते माप आमच्याकडे येतं, आणि त्यात प्लॅस्टर ओतून आम्ही तोंडाचा साचा बनवतो. एवढंच काम, पण प्लॅस्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की साच्याला खड्डा पडतो, त्या खड्ड्याचा पुढे कवळीवर दाणा उठतो, आणि तो दाणा अंधेरीतल्या कुणा माणसाच्या हिरडीला जेवताना टोचतो. कार्यकारणभाव मला इथे पहिल्यांदा हाताला लागला. परीक्षेत मी त्यावर आठ पानं लिहिली होती, पण त्यात हिरडीचा उल्लेख नव्हता.

मास्तर शिकवत असं नाही. ते करत आणि मी बघे. मी चुकलो की ते ती वस्तू उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकत आणि आपल्या कामाला लागत. काय चुकलं ते डब्यातून काढून मी शोधायचं. या पद्धतीने शिक्षण सावकाश होतं, पण विसरायला होत नाही. प्लॅस्टरनंतर मेण आलं. मेण किती तापवायचं, चाकू कुठल्या कोनात धरायचा, दात मेणात लावल्यावर हिरडीचा उठाव कसा काढायचा. मग ते मेण उकळत्या पाण्यात वितळवून त्याच्या जागी गुलाबी पूड आणि औषधासारख्या वासाचा द्रव कालवून भरायचा, दाबायचा, उकळायचा. त्या द्रवाचा वास कपड्यांत बसे. आईने दाराबाहेर माझ्या शर्टासाठी वेगळा खिळा ठोकला.

हात बसावा म्हणून मी एकदा जुन्या दातांचा एक डबा घरी आणला. आईने झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"कुणाचे आहेत रे?"

"कुणाचे नाहीत. कंपनीतून येतात, पट्टीवर लावून."

"मग देवाच्या फळीखाली नको." ती थोडी घुटमळली. "आणि चुलीजवळ पण नको."

आमची खोली दहा बाय बारा होती. देव आणि चूल वजा केल्यावर चपलांची जागा उरली. दोन वर्षं मी दाराशी चपलांच्या शेजारी बसून दात लावायचा सराव केला. येणारे-जाणारे पाहुणे पाय जपून टाकत.

माझा कॉलेजातला एक मित्र बँकेच्या परीक्षेत पास होऊन मुलुंडच्या शाखेत लागला होता. तो रविवारी यायचा. "यार, खरं सांग," तो म्हणाला, "तू कवळ्या बनवतोस? म्हाताऱ्यांच्या?"

"तरुणांच्याही असतात."

"झकास," तो म्हणाला, आणि मुलुंडच्या शाखेत नुकत्याच आलेल्या नव्या पंख्यांबद्दल बोलू लागला.

त्या दिवसांत मला एक वाईट सवय लागली. मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून तोंडाकडे बघू लागलो. कुणी हसलं की मी दात मोजायचो. साकीनाक्याच्या बसस्टॉपवर एक बाई नवऱ्याशी बोलत उभ्या होत्या. त्यांचा डावा सुळा जरा पुढे आलेला होता आणि त्यामुळे हसताना त्यांचा ओठ एका बाजूला किंचित अडकायचा. तो ओठ सुटताना फार छान दिसायचं. हे मेणात कसं आणायचं याचा मी विचार करत होतो.

"काय बघतोस रे?" नवऱ्याने विचारलं.

"यांचा सुळा," मी खरं ते सांगितलं.

त्यांना ते पटलं नाही. मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेलो, जरा भरभर.

लॅबचा एक नियम होता. आपल्याकडे माणूस येत नाही, माप येतं. पेशंट डॉक्टरचा. तो कोण, कुठला, काय करतो, हे आपण विचारायचं नाही. मापाबरोबर एक चिठ्ठी येई, तिच्यावर वय, बाई की पुरुष, दातांच्या रंगाचा नंबर. बस. फळीवरच्या शेकडो जबड्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे काम शांततेत व्हायचं. प्लॅस्टर कधी तक्रार करत नाही.

दीड वर्षानंतर मास्तरांनी एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. 'बाई, वय पंचावन्न, वरची-खालची पूर्ण.' म्हणजे तोंडात एकही दात नाही, अख्खी कवळी करायची. अंधेरी पश्चिमेच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून आली होती.

"तू कर," मास्तर म्हणाले. "मी हात लावणार नाही."

मी पाच दिवस त्या कवळीवर बसलो. अठ्ठावीस दात असे लावले की पट्टी ठेवून बघावं. हिरडीला उठाव काढला, पॉलिश इतकं केलं की तिच्यात खिडकी दिसायची. मास्तरांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

मी त्या दिवशी बसमध्ये उभा राहून घरी गेलो, बसायला जागा असूनही. 'सुंदर' हा शब्द मास्तर फक्त कॅलेंडरवरच्या चित्रांसाठी वापरतात, हे मला नंतर कळलं. चांगल्या कामाला ते काहीच म्हणत नसत.

आठवड्याने कवळी परत आली. बरोबर चिठ्ठी: 'वरची पडते.'

मी ती साच्यावर बसवून पाहिली. ती इतकी घट्ट बसत होती की ओढून काढावी लागत होती. साच्याची काही तक्रार नव्हती. तरी मी टाळूच्या मागची कड थोडी सुधारली आणि पाठवली. पुन्हा आठवड्याने परत. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सविस्तर लिहिलं होतं: 'दवाखान्यात पडत नाही. घरी पडत नाही. बाई म्हणतात, कामावर पडते.'

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. "काम काय तिचं?"

"लिहिलेलं नाही."

मास्तर बराच वेळ हातातला मेणाचा गोळा मळत राहिले. "जाऊन विचार," ते शेवटी म्हणाले. लॅबचा नियम त्यांनीच केला होता, त्यामुळे तो मोडायलाही त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्या बाईंना दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. मी आत गेलो तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, हातात सोन्याच्या जाड बांगड्या. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. मासळी विकायच्या. एवढी मोठी बाई, पण त्या खुर्चीत पाय जवळ घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती आणि आवाज जेमतेम ऐकू येईल एवढाच काढत होती.

"यांनी बनवली तुमची कवळी, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यवढासा हाय," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. मग मला, "तुजी कवली लय देखनी हाय रं. पन माज्या तोंडात ती पावनी म्हनून बसते. काम करीत नाय."

मी कवळी त्यांच्या तोंडात बसवली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडात बोट घातलं, आणि पहिलं लक्षात आलं ते हे की तोंड गरम असतं. प्लॅस्टर गार असतं. दीड वर्ष मी गार तोंडांसाठी काम करत होतो.

"आ करा, मावशी."

त्यांनी आ केला. कवळी जागेवर.

"बोला काहीतरी."

"काय बोलू?" कवळी जागेवर.

"खोका." खोकल्या. जागेवरच.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मावशींनी आम्हां दोघांकडे पाहिलं आणि कंटाळल्या. "हितं नाय पडत ती. सकालची बाजारान ये. मंग कलंल तुना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बाजारात गेलो. पन्नासेक बायका ओळीने बसलेल्या, पुढे टोपल्या, बर्फ, पाणी, आणि प्रत्येकीचा आवाज दुसरीच्या वर चढलेला. दवाखान्यातल्या मावशी मला ओळखूच आल्या नाहीत. त्या पाटावर मांडी पसरून अशा बसल्या होत्या की बाजार त्यांच्याभोवती भरल्यासारखा वाटत होता. कवळी तोंडात नव्हती. ती स्टीलच्या डब्यात, पानसुपारीच्या शेजारी होती.

"आता ऐक," त्या म्हणाल्या, आणि दात न घालता ओरडल्या, "हुरमई! हरंगा! ताजी हुरमई!"

सुरमईचा स आणि सरंग्याचा स बिनदाताच्या तोंडातून निघून वाऱ्यावर गेला. लगेच शेजारच्या टोपलीमागून एका सडपातळ बाईने तोंड बोळकं करून हाक दिली, "हुरमई, हुरमई!" सगळी रांग हसली. त्या हसण्यात नवीन काही नव्हतं, रोजचंच असावं.

"वरीस झालं," मावशी मला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, फक्त त्या सुरीने बर्फ सारखा करू लागल्या. "चालीस वर्सं बसते मी हितं. माजी हाक ऐकून लोक गल्लीच्या तोंडाशी वलायचे. आता ही बाजूची मना वेरावते, चिरवते. म्हनून दात केले. खायाला नाय केले. खाया काय, भात-कालवन हिरड्यांनी पन जातं."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, बाई, वय पंचावन्न.

मग त्यांनी कवळी घातली, लुगड्याचा पदर खोचला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. असं तोंड मी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात त्यांनी उघडलं होतं त्याच्या दुप्पट. "सुरमई!" स लखलखीत आला, रांगेतल्या चार बायकांनी मान वळवली, आणि 'ई'नंतरच्या मोठ्या 'घे गोऽऽ'ला माझी सुंदर कवळी वरच्या जबड्यातून सुटून बर्फावर पडली, दोन पापलेटांच्या मध्ये.

समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. गृहस्थांनी पापलेटांकडे पाहिलं, दातांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे नको, दुसरं दाखवा."

मी कवळी उचलून धुतली. शेजारची सडपातळ बाई पाट बडवून हसत होती. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्यांनी तोंड पूर्ण उघडलं तेव्हा कानाच्या पुढे, गालाच्या आत, काहीतरी हाड पुढे सरकताना दिसलं होतं.

"मावशी, पुन्हा ओरडा. गालावर हात ठेवू का?"

"ठेव."

भर बाजारात एका हाताने मी मावशींचा गाल धरला आणि त्या ओरडल्या. बोटांखाली ते हाड स्पष्ट सरकलं. तोंड मोठं उघडलं की खालच्या जबड्याचं ते टोक पुढे येत होतं आणि वरच्या कवळीच्या मागच्या कडेला ढकलून ती खाली पाडत होतं. ती कड मी चांगली जाडजूड, गोलाईदार केली होती. दिसायला छान दिसते म्हणून.

हे मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. "मी माप घेताना त्यांना एवढं तोंड उघडायला सांगितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. असं कबूल करणारे डॉक्टर पुढे मला फार भेटले नाहीत.

दोन दिवसांनी आम्ही तिघं दवाखान्यात जमलो. डॉक्टरीणबाईंनी कवळीच्या मागच्या कडेला पांढरी पेस्ट लावली. हाड जिथे घासेल तिथली पेस्ट पुसली जाणार, आणि पुसलेली जागा मी घासून पातळ करणार, असं ठरलं. फक्त मावशींनी बाजारातल्यासारखं ओरडायला हवं होतं.

"हितं?" मावशी लाजल्या. "भाईर लोक बसलेत."

"बसू देत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींनी आधी बारीक आवाजात "सुरमई" म्हणून पाहिलं. पेस्ट जशीच्या तशी. मी म्हटलं, "मावशी, शेजारची हसतेय." मावशींनी माझ्याकडे रागाने पाहिलं, खुर्चीत सरळ झाल्या आणि ओरडल्या. ट्रेमधली हत्यारं वाजली. बाहेर बाकावर एक गृहस्थ दाढ काढायला बसले होते. ते उठून गेले आणि त्यांनी ती दाढ पुढे कुठे काढली कोण जाणे. पेस्ट दोन्ही बाजूंना पुसली गेली होती. मी बाहेर पायरीवर बसून घासलं, आत येऊन बसवलं, मावशी ओरडल्या. असं पाच वेळा झालं. पाचव्या हाकेला कवळी हलली नाही. मावशींनी खात्रीसाठी आणखी दोनदा हाक दिली, एक सरंग्याची आणि एक बोंबलांची.

मी पॉलिशसाठी कवळी कागदात गुंडाळत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "येक सांगू का? रागावू नको."

"सांगा."

"आरशात बगितलं का मना वाटते, कोनाच्या तरी घरात घुसले. माजा म्होरचा येक दात वाकरा होता. हा." त्यांनी बोट दाखवलं. "माजा घोव मेला तवा मी तीस वर्सांची होते. त्याना तोच दात ठावूक होता."

लॅबमध्ये येऊन मी तो पुढचा दात कोरून काढला आणि थोडा तिरपा, शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला असा पुन्हा बसवला. त्याला तीन तास लागले. सरळ दात लावायला दहा मिनिटं लागतात. मास्तरांनी कवळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि काही न बोलता खाली ठेवली. मग उठून त्यांनी आपलं स्टूल खिडकीपासून हातभर बाजूला सरकवलं आणि माझं तिथे ओढलं. उजेड आता माझ्या टेबलावर पडत होता.

मावशींनी मला बाजारात बोलावून घेतलं. त्या ओरडल्या, गल्लीच्या तोंडाशी एक पिशवीवाला माणूस खरोखरच वळला, आणि शेजारची सडपातळ बाई हसली नाही. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली आणि हळूच तोंड उघडून दाखवलं. वरचे चार दात हलत होते.

त्यानंतर वर्सोव्याहून, मढहून बायका डॉक्टरीणबाईंकडे येऊ लागल्या. त्या येऊन सरळ सांगत, "मना ओरडायची कवली पायजे." डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर एक रकाना वाढवला: 'काम काय.' त्यात कोळणी आल्या, एक कीर्तनकार आले, एक शाळेचे पी.टी.चे सर आले, आणि एक गृहस्थ, ज्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'काही नाही. पण बायकोला ऐकू कमी येतं.' प्रत्येकाला मी ओरडायला लावलं. दर बुधवारी दुपारी डॉक्टरीणबाई दुसरे पेशंट घेत नसत.

वडील एकदाच लॅबमध्ये आले. कारखान्याला सुट्टी होती आणि आईने माझा विसरलेला डबा त्यांच्याबरोबर पाठवला होता. मास्तरांनी त्यांना स्टूल दिलं. दोघं समवयस्क होते, पण गिरणीबद्दल किंवा दातांबद्दल काही बोलले नाहीत. वडील तासभर माझ्या हातांकडे बघत बसले. मी तेव्हा एका तुटलेल्या कवळीचे दोन तुकडे जोडत होतो. पॉलिश झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. कवळी घेतली आणि जोडावरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलट दिशेने. शोधत होते.

"खय होता?" त्यांनी विचारलं.

मी जागा दाखवली. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला, कवळी परत दिली, डबा उघडून मला पोळी-भाजी वाढली आणि बस पकडायला गेले. घरी आईला काय सांगितलं मला माहीत नाही. पण आईने त्या आठवड्यात दातांचा डबा चपलांजवळून उचलून कपाटावर ठेवला.

मी पंचविशीत आलो तेव्हा एका सरकारी खात्याचं पत्र आलं. तीन वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाचं. मी लेखी परीक्षा दिली होती हेही विसरलो होतो. मुलाखतीला तिघं साहेब बसले होते. मधल्या साहेबांनी विचारलं की तत्त्वज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय. मी काहीतरी सांगितलं. मग उजवीकडच्यांनी विचारलं की सध्या काय करता.

"कवळ्या बनवतो."

तिघं एकदम पुढे झुकले. पुढची पंचवीस मिनिटं मुलाखत त्यांच्या दातांबद्दल चालली. मधल्या साहेबांनी दार बंद करायला सांगितलं आणि आपली खालची कवळी काढून माझ्या हातात ठेवली. ती खरंच वाईट बनवलेली होती. मी तसं सांगितलं. माझी निवड झाली.

आईला झालेला आनंद मी विसरणार नाही. तिने पुन्हा पेढे आणले. हजर व्हायची मुदत पंधरा दिवसांची होती. मी मास्तरांना पत्र दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, सही-शिक्क्यासकट.

"चांगली नोकरी आहे," ते म्हणाले. "मढच्या त्या दोन बायकांचं काय करायचं?"

"त्या पुऱ्या करून जातो."

एक बाई सहा हाकांमध्ये झाली. दुसरीचा जबडा एका बाजूला जास्त उघडत होता, तिला अकरा हाका लागल्या, आणि मध्ये चार दिवस ती नवऱ्याबरोबर होडीवर गेली. ती परत आली त्या दिवशी मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी सकाळी घरून निघालो तेव्हा स्वच्छ शर्ट घातला होता आणि पत्र खिशात होतं. स्टॉपवर दोन बस येणार होत्या, एक त्या सरकारी ऑफिसकडची आणि एक अंधेरीची. मी अंधेरीच्या बसमध्ये चढलो. फार विचार केला असं सांगता येणार नाही. ती आधी आली.

आई माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. वडील जेवताना एकदाच म्हणाले, "खाऊ दे तेका." वाटलेले पेढे परत मागता येत नव्हते, म्हणून आई चाळीत कुणी विचारलं की सांगायची, "तो डॉक्टरांकडे आहे." हे चूक नव्हतं. पुढे मी बोरिवलीला माझी स्वतःची लॅब काढली तेव्हाही ती हेच सांगत असे. फक्त आवाज जरा मोठा करून.